फ्लाय रॉड, सेवेची वही आणि तलाव: गावासाठी झटलेल्या गळवाल्या माणसाची आठवण कशी जपावी

आयुष्यभर गावाची कामं केली, संसार नीट सांभाळला आणि सवड मिळाली की फ्लाय रॉड (पिसं-केसांच्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने, मासा धरायचा लांब लवचिक गळ) घेऊन पाण्यावर गेला, असा माणूस गेला की गावाला त्याची कामं ठाऊक असतात, घरच्यांना त्याचा स्वभाव. त्या रॉडबद्दल मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. मग फ्लेक्सवर 'प्रेमळ, मनमिळाऊ, समाजसेवक' एवढंच उरतं, आणि ते कुणाच्याही नावाखाली चालतं. हे टाळायचं तर जे आधी खराब होतं ते आधी हाती घ्या. सामान काही आठवड्यांत बिघडतं आणि लोकांच्या आठवणी काही महिन्यांत पुसट होतात. तलावाचं काम तर हंगाम पाहूनच करावं लागतं.

सामान: तेरवीच्या आधीच

घरात पाहुण्यांना जागा करताना रॉडची नळी, रीलची (लाइन गुंडाळायच्या चक्राची) पिशवी, फ्लायच्या डब्या हे सगळं उचलून माळ्यावर किंवा टिनाच्या खोलीत जातं. विदर्भात यापेक्षा वाईट जागा नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या वर गेलेलं ऊन टिनाखाली आणखी चढतं आणि फ्लाय लाइनवरचा (फ्लाय फेकायच्या जाड दोरीवरचा) प्लास्टिकचा थर कडक होऊन तडकतो. पावसाळ्यात त्याच खोलीत ओल येते आणि हूक गंजतात. घरातली मधली, मातीच्या किंवा विटांच्या भिंतीची थंड खोली निवडा आणि सामान बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

आधी रॉड नळीतून बाहेर काढा. तो बहुधा चार तुकड्यांचा असेल आणि मुठीच्या वर बारीक अक्षरांत लांबी व वजन लिहिलेलं असेल. '९ फूट, ५ वेट' असं काही. हे लिहून घ्या, कारण लाइन आणि रील त्याच आकड्याशी जुळवून घ्यावे लागतात. वेटचा आकडा रॉडच्या वजनाचा नसतो, रॉड किती जड लाइन फेकू शकतो त्याचा असतो. ५ वेट म्हणजे लहान-मध्यम मासे. ८ किंवा ९ वेट सापडला तर तो महाशीर माशासाठी घेतलेला असण्याची शक्यता जास्त.

तुकडे अडकले असतील तर पिळू नका, रॉड जोडापाशीच फुटतो. दोन माणसांनी समोरासमोर उभं राहायचं, दोघांनीही एक हात जोडाच्या अलीकडे आणि एक पलीकडे धरायचा आणि सरळ रेषेत ओढायचं. तरीही सुटलं नाही तर ज्याचं टोक आत गेलंय त्या तुकड्याला बर्फ लावून मग ओढा. सुटल्यावर कोमट पाणी आणि साध्या साबणाने पुसा. बुचाच्या मुठीवरचा काळा थर मऊ ब्रशने निघतो, पण सगळा काढायची काहीच गरज नाही, तो त्याच्याच हाताचा आहे. एक दिवस सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय रॉड नळीत घालायचा नाही. ओल्या कापडासकट नळी बंद केली की आत बुरशी चढते आणि व्हार्निशला फोड येतात. कार्बनच्या रॉडच्या जोडावर पांढऱ्या मेणबत्तीचं मेण अगदी हलकं चोळून ठेवलं तर पुढच्या वेळी तो अडकत नाही. जुना चिरलेल्या बांबूचा रॉड असेल तर तो भिंतीला तिरका टेकवायचा नाही, वाकतो आणि वाकलेलाच राहतो. कापडी पिशवीत घालून खिळ्याला सरळ टांगा.

रील उघडून आतली वाळू काढा आणि आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. ब्रेकचं चक्र पूर्ण सैल करून ठेवा. तो आवळलेला ठेवला तर आतली चकती चिकटते. लाइन साधारण २७ मीटर निघेल आणि तिच्यामागे बारीक दोऱ्याची बॅकिंग. ती साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ कापडातून ओढा आणि मोठ्या सैल वेटोळ्यांत बांधून ठेवा. डासांचं क्रीम लावलेल्या हातांनी लाइन धरायची नाही. त्यातलं रसायन प्लास्टिक खातं. लाइनच्या टोकाचा नायलॉनचा लीडर (फ्लाय बांधायचा बारीक दोरा) टाकून दिला तरी चालतो, तो काही वर्षांत कुजतोच.

फ्लायच्या डब्या हा सगळ्यात नाजूक ऐवज. पिसं, केस, लोकर यांवर कसर पडते आणि एका पावसाळ्यात डबीत नुसते उघडे हूक आणि भुकटी उरते. डबी हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड हुकांवर दव धरतं. डांबराच्या गोळ्या टाळा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकच्या डब्या चिकट होतात. सुकवलेली कडुनिंबाची पानं आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. चपटी झालेली फ्लाय चिमट्यात धरून केटलीच्या वाफेवर पाच-दहा सेकंद धरली की पिसं पुन्हा उभी राहतात.

डबीत बहुतेक दोन गट सापडतील. १२ ते १६ नंबरच्या बारीक फ्लाय ट्राउटसाठीच्या. ट्राउटला गार पाणी लागतं, ती विदर्भात नाही. म्हणजे हा माणूस कधीतरी हिमाचलच्या तीर्थन नदीवर किंवा काश्मीरला जाऊन आला असणार किंवा जायचं मनात असणार. घरच्यांना विचारा, सुट्टीचा एखादा जुना फोटो निघतो. दुसऱ्या गटात २ नंबरपासून १/० पर्यंतच्या मोठ्या फ्लाय, बेडकासारख्या, पाण्यावर तरंगणाऱ्या. त्या आपल्या मरळीसाठी. हुकाचा नंबर वाढतो तसा हूक लहान होतो, पण १/० पासून पुढे उलटं, हे ध्यानात ठेवून चिठ्ठ्या लिहा. नाहीतर पुढच्या पिढीच्या डोक्यात कायमचा घोळ बसतो.

जुन्या डबीत रानकोंबड्याच्या मानेची पिसं निघाली तर ती विकू नका आणि कुणाला भेटही देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि जुनी वस्तू म्हणून सूट गृहीत धरता येत नाही. वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. नव्या फ्लाय बांधायला गावरान कोंबड्याची मानेवरची पिसं उत्तम चालतात.

चौकट करायची असेल तर काचेच्या आत किमान दीड इंच खोली हवी. तळाला बुचाची शीट, त्यात फ्लायचे हूक टोचायचे. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून घ्या. खालच्या पट्टीवर फ्लायचं नाव, नंबर आणि ती कुठल्या पाण्यात वापरली ते. खिडकीसमोर टांगलेल्या चौकटीचे रंग दोन उन्हाळ्यांत जातात, आणि हारही काचेला टेकवून घालू नये, त्यातलं पाणी आत झिरपतं. सगळ्याच फ्लाय काचेमागे घालू नका, दहा-बारा पुरेत. बाकीच्या वापरायला ठेवा.

सेवेची वही

तेरवीला सगळी माणसं एकत्र येतात, तेवढी पुन्हा येत नाहीत. म्हणून त्याच दिवशी दोनशे पानी वही आणि दोन पेन घेऊन घरातल्या एका शांत माणसाला मंडपाच्या कडेला बसवा. बोलका माणूस नको, तो स्वतःच बोलत बसतो. 'कसे होते?' हा प्रश्न कामाचा नाही, उत्तर 'फार चांगले होते' एवढंच येतं. विचारायचं ते असं: त्यांनी तुमच्यासोबत केलेलं एक काम सांगा, ते कोणत्या साली, कुठे, किती माणसं होती आणि काय अडलं होतं. साल आठवत नसेल तर 'पोरगी दहावीत होती तेव्हा', 'तलाव फुटला त्या साली' असं लिहा. साल नंतर जुळवता येतं.

मग पडताळा. ग्रामपंचायतीचं ठराव-पुस्तक, शाळेची देणगी-नोंद, रक्तदान शिबिराची कार्डं, वाचनालयाचं दाखल-रजिस्टर, गुरुदेव सेवा मंडळाच्या वह्या. विहिरीचा गाळ, स्मशानभूमीचं शेड, मुलींच्या शाळेची बस, सरकारी दवाखान्यातले हेलपाटे. यातलं अर्धं कागदावर सापडतं. जे सापडत नाही ते गाळायचं नाही, 'अमुक यांनी सांगितलं' असं शेजारी लिहायचं.

इथे एक गोष्ट कडकपणे पाळा. कुणाची फी भरली, कुणाच्या ऑपरेशनला पैसे दिले, कुणाचं कर्ज सोडलं, हे त्या घराच्या परवानगीशिवाय माईकवर येता कामा नये. देणाऱ्याने आयुष्यभर झाकून ठेवलेलं तेरवीच्या मंडपात उघडं पडलं की घेणाऱ्याची मान गावासमोर खाली जाते. 'अनेकांच्या शिक्षणाला हातभार लावला' एवढं पुरे.

पाण्यावरची माहिती मात्र पाहुण्यांकडून मिळणार नाही. ती ढिवर मंडळींकडे असते. तलावावर जाळं टाकणाऱ्यांना, डोंगेवाल्याला, मासोळी बाजारात बसणाऱ्या बाईला विचारा. तो कुठल्या खडकावर उभा राहायचा, किती वाजता यायचा, मासा सोडायचा की नाही, याची अचूक नोंद त्यांच्याकडे असते. त्यांना घरी बोलावून खुर्चीवर बसवायचं, पायरीशी उभं ठेवून विचारायचं नाही.

सभा: दिवस, फोटो, बोलणारे

प्रथम पुण्यस्मरणाचा दिवस तिथीने येतो, पण जाहीर कार्यक्रम त्याच दिवशी असलाच पाहिजे असं नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही, धानकापणीतही नाही. वऱ्हाडात सोयाबीन निघताना आणि कापूस वेचणीच्या ऐन भरात तीच गत. घरचा विधी तिथीला करा आणि सभा जवळच्या मोकळ्या रविवारी ठेवा. पितरांचा दिवस म्हणून अक्षय तृतीयाही धरता येते, पण तेव्हा ऊन कडक असतं. सकाळी साडेसातला सुरू, नऊला संपलं पाहिजे.

फ्लेक्स ४ बाय ६ फुटांचा पुरतो. त्यावर माणसाचा एकच मोठा फोटो, नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, वेळ, ठिकाण. शुभेच्छुकांच्या आणि पुढाऱ्यांच्या पासपोर्ट फोटोंची रांग लावली की मधला माणूस हरवतो. फोटो निवडताना घरातल्या आणि गावातल्या माळकरी मंडळींचा विचार करा. हातात मासा धरलेला फोटो त्यांना बोचतो. लाइन हवेत असतानाचा, पाण्यात गुडघाभर उभा असलेला फोटो निवडा. तोच खरा फ्लाय फिशिंगचा फोटो असतो, मासा तर कुणीही विकत घेऊन धरू शकतो.

बोलणारे चार, प्रत्येकी तीन मिनिटं. क्रम असा ठेवा: पहिला तलावावरचा माणूस, दुसरा सेवेतला सोबती, तिसरा घरचा, चौथा ज्याला त्याने काही शिकवलं असा तरुण. तलावावरच्याला शेवटी ठेवलं तर त्याच्या वाट्याची वेळ आधीच्यांनी खाल्लेली असते. 'आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर' हे वाक्य सूत्रसंचालकाने उच्चारायचंच नाही, त्यातून तास जातो. आमदार-सभापती उशिरा आले तर हार घालून बसतील, कार्यक्रम मागे न्यायचा नाही. दोन मिनिटं मौन म्हणजे घड्याळ लावून दोन मिनिटं. शेवटी सामुदायिक प्रार्थना म्हणायची असेल तर पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगा.

गावात एक प्रश्न हमखास येतो: 'मासा धरून सोडूनच द्यायचा तर धरला कशाला?' लोक हसतात आणि घरच्यांना उत्तर सुचत नाही. आधीच तयार ठेवा. काटा दाबलेल्या हुकाने मासा ओठाला धरला, ओल्या हातांनी पाण्यातच सोडवला तर तो बहुधा जगतो. भर उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे दमलेला मासा सोडूनही मरू शकतो, आणि जाणता गळवाला एप्रिल-मेच्या दुपारी लाइन टाकत नाही. फ्लायवाल्याला खाण्यापेक्षा मासा कुठे आहे, काय खातो, हे ओळखण्यात रस असतो. एवढं सांगितलं की माणसं ऐकून घेतात.

जेवण साधं. शंभर माणसांना तांदूळ १० किलो, तुरीची डाळ ४ किलो, आलू-वांगी मिळून १२ किलो, पोळ्यांना कणीक १२ किलो लागते. काही ना काही उरतंच, म्हणून मागे कुणाला द्यायचं ते आधी ठरवा. या पंगतीत मासोळी ठेवू नका, तलावावरच्या मंडळींच्या घरी वेगळं काय करायचं ते ती ठरवतील.

शाळेच्या मैदानावर लाइन फेकून दाखवणे

हे जमलं तर सभेतलं सगळ्यात जिवंत काम हेच. पण पाण्यावर करायचं नाही. पोरं पाळीवर (तलावाच्या बांधावर) धावतात.

फ्लायचा हूक तोडून टाका आणि लाइनच्या टोकाला लाल लोकरीचा झुपका बांधा. वर पाहा: विजेची तार दिसली तर जागा बदला. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते आणि शेतावरून जाणारी ११ केव्हीची तार नऊ फुटी रॉडला वाटतं त्यापेक्षा जवळ असते. फेकणाऱ्याच्या पुढे-मागे प्रत्येकी १५ मीटर मोकळे ठेवा, मागची जागा सगळे विसरतात. फेकणाऱ्याला टोपी आणि चष्मा. मुरमाड मैदानावर लाइन खरवडते, म्हणून ओली ताडपत्री पसरा किंवा हिरवळीचा तुकडा शोधा.

आठ मीटर लाइन बाहेर काढायची. रॉड घड्याळाच्या दहाच्या जागेवरून एकच्या जागेपर्यंत झटक्याने मागे आणि तिथे थांबायचं. लाइन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत पुढे यायचं नाही. घाई केली की चाबकासारखा 'फट' आवाज येतो, आणि खरी फ्लाय असती तर ती तिथेच तुटून गेली असती. मनगट फार मोडलं तर लाइन मागे जमिनीला लागते. पोरांना पहिल्यांदा रॉडचा वरचा अर्धा भागच हातात द्या, ताकद लावायची सवय आपोआप सुटते. वारा सुटायच्या आत, सकाळी.

तलावाचं काम

नावाचा बाक किंवा फरशी बसवण्याआधी तलाव कुणाचा ते पाहा. पूर्व विदर्भातले बरेच तलाव माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) मालकीचे, आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आज कुठे जिल्हा परिषद, कुठे पाटबंधारे, कुठे ग्रामपंचायत, आणि मासेमारीचा ठेका बहुधा मत्स्य सहकारी संस्थेकडे. पेसा क्षेत्रात (आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात) ग्रामसभेचा ठराव आधी घ्या. मेळघाट, पेंच, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, बोर या व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीत तर त्याचं आवडतं पाणी असलं तरी गळ टाकायला जायचं नाही.

बाकापेक्षा बेशरम काढणं जास्त उपयोगाचं. तलावाच्या काठाने गुलाबी फुलांची ही झुडपं पसरली की मासोळीची अंडी घालायची उथळ जागा जाते. मे महिन्यात गाळ वाळलेला असताना काढा. वरून कापून उपयोग नाही. पडलेली फांदीही ओल लागली की मुळं धरते, म्हणून मुळासकट उपटून पाळीपासून दूर, खडकावर वाळवा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि शेळ्यांना खाऊ देऊ नका, विषारी आहे. मोकळी झालेली जागा हलकी नांगरून पहिल्या पावसानंतर हायड्रिला, व्हॅलिसनेरियासारख्या पाणवनस्पती दुसऱ्या चांगल्या तलावातून आणून लावा. कोणती कुठली हे ढिवर मंडळी पानावरून सांगतात.

झाडं लावायची तर पाळीवर नाही. मुळं कुजली की त्या पोकळीतून पाणी झिरपतं आणि पाळ फुटते. पाळीपासून लांब, २ फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यांत करंज, जांभूळ, अर्जुन. दहा लावून दोन उन्हाळे पाणी घालता आलं तर शंभरांपेक्षा बरं.

त्याच्या नावाने मत्स्यबीज सोडायचं असेल तर संस्थेशी बोलून, पाऊस स्थिरावल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात. जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिलं) नाही, ८ ते १० सेंटीमीटरची बोटुकली घ्या, लहान पिलं मरळच खाऊन टाकते. थाई मांगूर कुणी कितीही स्वस्त दिला तरी नको, त्यावर बंदी आहे. पिशव्या सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर आणा, बंदच अर्धा तास तलावात तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि पिलं स्वतःहून बाहेर पडू द्या. उंचावरून पिशवी उपडी करताना फोटो चांगला येतो, पिलं मात्र झटक्याने मरतात.

शाळेत बक्षीस ठेवायचं असेल तर वर्गणी एकाच्या फोनवर गोळा करू नका. शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यात, दोन सह्यांवर ठेवा. १०,००० रुपयांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६५० रुपये मिळतात, बक्षीस तेवढ्याचंच ठेवा. मुद्दल काढून पहिल्या वर्षी मोठा चषक दिला की तिसऱ्या वर्षी कुणी आठवणही काढत नाही.

रॉड कुणाला द्यायचा, यावरून घरात वाद होऊ शकतो. वर्षभर कुणालाच देऊ नका. त्या वर्षात कोण तो पुसायला, लाइन धुवायला आपणहून येतो ते दिसेल. दिल्यावर रीलची लाइन मात्र नवीन घेऊन द्या. जुनी तडकलेली लाइन तरंगत नाही, नीट फेकली जात नाही, आणि शिकणारा पोरगा दोन रविवारांत कंटाळतो.